तासांचा इतिहास : सोलापूरच्या हायस्कुलांतले विषय आणि विषयशिक्षक

शाळांच्या स्मरणिका चाळल्या की संस्थेचा इतिहास बहुधा एकाच वाटेने गेलेला दिसतो. स्थापना, पहिली जागा, देणगीदार, कोनशिला, इमारतीचा विस्तार, मुख्याध्यापकांची कालानुक्रमे यादी आणि शेवटी निकालाचे आकडे. हे सगळे हवेच. पण शाळेत रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात जे घडत होते, ते या इतिहासात सापडत नाही. इंग्रजी कोणत्या पुस्तकातून आणि कोणत्या रीतीने शिकवले जाई, प्रयोगशाळा नावाच्या खोलीत काय होते, संस्कृतचा तास आणि चित्रकलेचा तास यांना वेळापत्रकात काय मान होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. या स्मरणिकेत तो भाग लिहायचे काम माझ्याकडे आले आणि मी ते आनंदाने घेतले. माझे मत आधीच सांगतो. सोलापूरच्या माध्यमिक शाळांचा खरा इतिहास हा त्यांच्या विषयशिक्षकांचा इतिहास आहे, आणि त्याचा सर्वांत भरीव काळ 1945 ते 1965 ही वीस वर्षे होत. शिक्षकांची नावे मात्र मुद्दाम टाळली आहेत. एकाचे लिहिले तर त्याच तोलाच्या दहांचे राहून जाते.

तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे गाव. जुनी गिरण, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांच्या पाळ्या आणि पूर्व भागातल्या हातमागांचा खडखडाट यांच्या मधोमध शाळा भरत. सरकारी हायस्कूल सर्वांत जुने. 1900 ते 1903 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या नॉर्थकोट यांचे नाव त्याला लागले. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातूनच मॅट्रिक झाले. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने चालवलेले हरिभाई देवकरण हायस्कूल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘हदे’, मध्यमवर्गाची आणि खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांची मोठी शाळा. मुलींसाठी सेवासदन. पद्मशाली समाजाने आपल्या मुलांसाठी उभी केलेली कुचन प्रशाला. उर्दू माध्यमाचे पानगल हायस्कूल. प्रत्येक शाळेचा तोंडवळा वेगळा, पण परीक्षा एकच. त्यामुळे विषयांचा आणि तासांचा साचा सगळीकडे सारखाच होता.

तो साचा आजच्या वाचकाला थोडा समजावून सांगावा लागेल. जुन्या व्यवस्थेत मूल मराठी चौथी झाले की ‘इंग्रजी पहिली’त जाई. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. चार आणि सात मिळून अकरा वर्षे. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई, म्हणजे शाळेच्या अभ्यासक्रमाची दोरी कॉलेजच्या हाती होती. स्वातंत्र्यानंतर ती सुटली. शालान्त परीक्षेसाठी मुंबई प्रांताने स्वतंत्र मंडळ नेमले आणि 1949 साली पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ सुरू होऊन सोलापूर त्याच्या कक्षेत गेले. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते कोल्हापूरला जोडले गेले. शाळांच्या दृष्टीने यांतला पहिला बदल सर्वांत मोठा. ज्याला कॉलेजात जायचे नाही, त्या मुलाचाही विचार परीक्षेत होऊ लागला.

याच काळात अमेरिकेत हायस्कूल कसे असावे यावर मोठा वाद चालू होता. तिथल्या मोठ्या शाळांत इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे स्वतंत्र विभाग असत, प्रत्येकाला विभागप्रमुख असे आणि मुले पुष्कळसे विषय आवडीने निवडत. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी 1959 साली या शाळांवर अहवाल लिहिला. ज्या शाळेतून वर्षाला शंभर मुलेही बाहेर पडत नाहीत ती शाळा सगळे विषय नीट शिकवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांची आणखी एक शिफारस मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक मुलाने सरासरी आठवड्याला एक निबंध लिहावा आणि इंग्रजीच्या एका शिक्षकाकडे शंभरांहून अधिक मुले नसावीत. सोलापुरात एका तुकडीत पन्नास-साठ मुले आणि भाषाशिक्षकाकडे अशा तीन-चार तुकड्या. तरीही निबंधाच्या वह्या तपासल्या जात. लाल शाईने, ओळीओळीवर. रात्री उशिरापर्यंत वह्यांचे गठ्ठे समोर घेऊन बसलेले शिक्षक ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

आपल्याकडे विभाग नव्हते. शिक्षकखोलीत एक लांब टेबल, भिंतीवर वेळापत्रकाचा मोठा तक्ता, कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या. विषयप्रमुख अशी पाटी कोणाच्या खुर्चीवर नव्हती. पण गणिताची अवघड शंका कोणाकडे न्यायची, संस्कृतची शिष्यवृत्तीची मुले कोणाच्या हाती द्यायची, हे शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना माहीत असे. विभाग माणसाचा होता. तो माणूस निवृत्त झाला की विभाग डळमळे, आणि नवा माणूस उभा राहीपर्यंत पाच-सात वर्षे जात. या व्यवस्थेचे बळ यात होते आणि दुबळेपणाही यातच होता.

इंग्रजीपासून सुरुवात करतो, कारण त्या विषयावरच सर्वांत मोठा आघात झाला आणि सर्वांत मोठी मेहनतही तिथेच झाली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी पाचवीतून काढून आठवीपासून सुरू करायचे ठरले. म्हणजे पूर्वी सात वर्षे शिकवायचा विषय आता चार वर्षांत. हेतू चांगला होता. मूल आधी आपल्या भाषेत पक्के व्हावे. पण कॉलेजचे शिक्षण इंग्रजीतच राहिले. 1940 साली सुरू झालेल्या दयानंद कॉलेजात किंवा 1953 साली निघालेल्या संगमेश्वर कॉलेजात पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलाला इतिहासाचे व्याख्यानही इंग्रजीत ऐकावे लागे. ही दरी भरून काढायचे काम शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकावर पडले.

त्याने ते कसे केले? जुनी हत्यारे टाकली नाहीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वर्गात असो वा नसो, घरी करून घेतली जाई. क्रियापदांची तीन रूपे रोज पाठ. स्पेलिंग चुकले की तो शब्द वहीत पुन्हा पुन्हा लिहायचा. वरच्या वर्गात रेन आणि मार्टिनचे व्याकरण. वाक्याचे पृथक्करण फळ्यावर रकाने आखून. बी.टी. ही शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या नव्या शिक्षकांनी प्रत्यक्ष पद्धत आणली; वर्गात मराठी बोलायचे नाही, वस्तू हातात धरायची आणि इंग्रजीत प्रश्न विचारायचा. जुने आणि नवे यांची शिक्षकखोलीत वादावादी होई. मला वाटते, त्या चार वर्षांच्या तुटपुंज्या अवधीत भाषांतराची पद्धतच सोलापूरच्या मुलांना तारून गेली. घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, वर्तमानपत्रही मराठी, अशा मुलाला दोन भाषा शेजारी ठेवून दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग होता. त्या शिक्षकांनी पोपटपंची केली असे पुढे पुष्कळांनी म्हटले. मी ते मानत नाही. त्याच पायावर या गावातली मुले डॉक्टर, इंजिनिअर, वकील झाली.

मराठीच्या शिक्षकाचे काम सोपे असेल असे बाहेरच्याला वाटते. सोलापुरात ते सर्वांत नाजूक काम होते. या गावात घराघरात बोलली जाणारी भाषा एक नाही. पूर्व भागात तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान वस्तीत दखनी उर्दू, व्यापारी पेठांत गुजराती आणि मारवाडी. एका मराठी तुकडीतल्या साठ मुलांपैकी कितीतरी मुलांची आई मराठी बोलत नसे. ही मुले वर्गात जी मराठी घेऊन येत, तिची ठेवण वेगळी असे. लिंगांची गल्लत, क्रियापदाचा हेल कन्नड, प्रश्न विचारायची लकब तेलुगू. चांगल्या शिक्षकाने त्या बोलीची टिंगल होऊ दिली नाही आणि वहीत मात्र शुद्ध लेखन मागितले. त्याकाळी सरकारचे एक पाठ्यपुस्तक नव्हते. शाळा खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला लावत. आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ अनेक शाळांत होती. त्या पुस्तकांनी लहान मुलांच्या तोंडची मराठी पुस्तकात आणली. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला ती जवळची वाटली, हा माझा नुसता तर्क नाही. त्या पिढीतल्या माणसांच्या तोंडून तो अनुभव या गावात अनेकांनी ऐकला आहे.

यात आणखी एक ओघ येऊन मिळाला. तुळजापूर, उस्मानाबादकडचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. तिकडची मुले नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहून सोलापुरात शिकत. रझाकारांच्या दहशतीच्या वर्षात तर कुटुंबेच्या कुटुंबे इकडे आली. उर्दूत हिशोब शिकलेले मूल मराठी तुकडीत येऊन बसले की त्याला शाळा सुटल्यावर वेगळे शिकवावे लागे. त्या जादा तासाचे पैसे घ्यायची रीत नव्हती. आग्नेयेला अक्कलकोट संस्थान होते, तेही 1948 मध्ये विलीन झाले. तिथली कन्नड बोलणारी मुले याच वर्गात येऊन मिळाली. राज्यपुनर्रचनेच्या काळात सीमेवरून माणसांची डोकी तापली होती, तेव्हा या शाळांच्या बाकांवर मराठी आणि कन्नड घरांतली मुले शेजारी बसून एकच धडा वाचत होती. याचे श्रेय वर्गशिक्षकांना द्यायलाच हवे.

अभिजात भाषांचा तास सोलापुरात खास होता. संस्कृतला भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’, नामाची रूपे आणि धातू चालवून दाखवणे, आणि वर्गातल्या एक-दोन हुशार मुलांसमोर जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे ध्येय. त्या शिष्यवृत्तीसाठी शिक्षक सुटीतही मुलांना घरी बोलवत. पण संस्कृतच्या जोडीला इथे अर्धमागधी घेणारी मुलेही होती. परीक्षेत ती भाषा घेता येई आणि गावात जैन समाज मोठा. सोलापुरातूनच जैन संस्कृति संरक्षक संघ जीवराज जैन ग्रंथमाला काढत होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन तिचे संपादक. ‘तिलोयपण्णत्ती’सारखा प्राचीन प्राकृत ग्रंथ या गावातून छापून बाहेर पडला. हायस्कुलातले दहा-बारा मुलांचे अर्धमागधीचे छोटे वर्ग आणि गावात चाललेले हे संशोधन यांचे नाते कोणी तपासून पाहिले पाहिजे. उर्दू शाळांत फारसी होती. पुढे हिंदी आली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या आणि पुण्याच्या राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षांना मुले रविवारी बसत. हिंदीच्या शिक्षकांपैकी बरेचसे स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, खादी वापरणारे. तो विषय त्यांच्यासाठी व्रत होता.

आता गणित. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण गणिताच्या शिक्षकांवर एका वर्षात जे संकट आले त्याची नोंद कुठेच नाही. 1957 पर्यंत शाळेतल्या अंकगणिताचे निम्मे बळ रुपये, आणे, पै यांच्या गुणाकार-भागाकारांत जाई. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाला 192 पै. चाळीस शेरांचा मण, सोळा छटाकांचा शेर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्यासाठीच होते, आणि ते मुखोद्गत असलेला मुलगा दुकानावर किंवा गिरणीच्या कचेरीत लगेच कामाला लागे. 1 एप्रिल 1957 रोजी नवा पैसा आला. रुपयाचे शंभर पैसे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हा हिशोब घरोघरी भांडणे लावून गेला आणि लहान मुलेच मोठ्यांना दुकानात सोडवून देऊ लागली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने यायला लागली. वर्षानुवर्षे जमवलेली उदाहरणे, तोंडपाठ उत्तरे, प्रश्नपत्रिकांचे साठे, सगळे एकदम कालबाह्य. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांनी नव्याने उदाहरणे रचली. सोलापूरला ती रचायला सामग्री भरपूर होती : सुताचे गठ्ठे, वाराची मापे मीटरमध्ये, चादरीची लांबी-रुंदी, मागावरच्या मजुरीचा दर. काही वर्षे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी शिकवावे लागले, कारण घरी आजोबा अजून आण्यातच बोलत होते.

बीजगणितात हॉल आणि नाइट, भूमितीत सिद्धांत आणि रायडर्स, म्हणजे सिद्धांतांवर आधारलेली उदाहरणे. रायडर सुटला की शिक्षक त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून वर्गाला समजावून सांगायला लावत. चांगल्या गणितशिक्षकाची खूण सोलापुरात एकच मानली जाई : तो पहिल्या पाच मुलांना किती पुढे नेतो यापेक्षा मागच्या बाकावरच्या मुलाला पस्तिसाच्या वर कसा काढतो. ही कसोटी मला आजही योग्य वाटते. लॉगॅरिथमचे कोष्टक पाहायला शिकवण्यात आख्खा आठवडा घालवणारे शिक्षक होते आणि तो आठवडा वाया गेला असे कॉलेजात गेलेला एकही मुलगा म्हणणार नाही.

विज्ञानाचा इतिहास मात्र अभावाचा आहे. प्रयोगशाळा म्हणजे दोन लांब टेबले, काचेची कपाटे, किपचे उपकरण, तराजू, काही भिंगे आणि चुंबक. गॅसची सोय नसल्याने स्पिरिटच्या दिव्यावर काम. उन्हाळ्यात नळाला पाणी नाही म्हणून प्रयोग आधी उरकून घ्यायचे. प्रयोग बहुधा शिक्षक करून दाखवी आणि मुले भोवती उभी राहून पाहत. सल्फ्युरेटेड हायड्रोजनचा कुजक्या अंड्यांचा वास व्हरांड्यापर्यंत गेला की सगळ्या शाळेला कळे, आज अकरावीचे प्रॅक्टिकल आहे. त्यातच माध्यम मराठी झाले. प्राणवायू, नत्रवायू, गंधकाम्ल अशी परिभाषा शिक्षकांनी आधी स्वतः आत्मसात केली. स्वतः सगळे इंग्रजीत शिकलेले असल्याने फळ्यावर ते दोन्ही नावे लिहीत, आणि पुढे कॉलेजात त्याचा मुलांना फायदाच झाला.

4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका हादरली, पुढच्याच वर्षी तिने विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणासाठी मोठा कायदा केला, शाळांसाठी भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम तयार झाला आणि साठच्या दशकात त्याची लाट भारतातल्या शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांपर्यंत आली. सोलापूरच्या विज्ञान शिक्षकांना ती उशिरा आणि थोडीच मिळाली. त्याआधी 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या होत्या. तंत्र, शेती, वाणिज्य असे फाटे शाळेतच असावेत ही कल्पना. या गिरणगावाला तांत्रिक शिक्षणाची गरज उघड होती. पण वर्कशॉपला जागा, यंत्रे आणि शिकवणारा माणूस हवा, आणि या तिन्हींसाठी खाजगी संस्थांकडे पैसा नव्हता. ही संधी आपल्या हातून बरीचशी निसटली, असे माझे स्पष्ट मत आहे. गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा त्याची किंमत गावाने मोजली.

इतिहास-भूगोलाबद्दल थोडक्यात. पुस्तक सनावळ्यांचे होते, नकाशे भरून घेतले जात, बस. पण सोलापूरच्या इतिहासशिक्षकाकडे एक वेगळे भांडवल होते. मे 1930 मध्ये या गावाने मार्शल लॉ पाहिला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. पन्नासच्या दशकात शिकवणारे पुष्कळ शिक्षक त्या दिवसांत याच गावात विद्यार्थी होते. त्यांना पुस्तक उघडावे लागत नसे.

चित्रकलेच्या शिक्षकाला ‘ड्रॉइंग मास्तर’ म्हणत, आणि वेळापत्रकात त्याचे तास शेवटचे. तरी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना मुले मोठ्या हौसेने बसत. इतर गावांत हा छंद राहिला. सोलापुरात तो पोटाचा धंदाही झाला. जकार्डवर विणल्या जाणाऱ्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. रेघ आणि चौकट यांवर हात बसलेल्या मुलाला मागाच्या कारखान्यात काम मिळे. खेळाच्या तासाला कवायत, लेझीम, मल्लखांब. कांदिवलीच्या सरकारी संस्थेत शिकून आलेले शिक्षक वेगळे उठून दिसत. 1948 नंतर एन.सी.सी. आली आणि परेडचा रुबाब वाढला.

स्नेहसंमेलनाला विभाग म्हणायचे का? मी म्हणेन. तिथे भाषाशिक्षक दिग्दर्शक होत, ड्रॉइंग मास्तर पडदे रंगवत, विज्ञानाचे शिक्षक दिव्यांचे बघत. ‘हदे’तून शिकलेले डॉ. जब्बार पटेल पुढे रंगभूमी आणि चित्रपटात काय करून गेले हे महाराष्ट्र जाणतो. शाळेच्या काळात ते संगीताचे जाणकार प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी राहत, जिथे मोठमोठ्या गवयांचा राबता असे. अभिनेते अतुल कुलकर्णीही त्याच शाळेचे. शाळा कोणाला कलावंत बनवत नाही. पण शाळेच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहताना मागे कोणीतरी शिक्षक असतो, एवढे नक्की.

मुलींच्या शाळांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. सेवासदनाच्या परंपरेला रमाबाई रानड्यांच्या कामाचा वारसा, आणि सोलापुरातच पद्मश्री सुमतीबाई शहा यांचे श्राविका विद्यालय. या शाळांतल्या बाई सगळे विषय शिकवत, वसतिगृह सांभाळत आणि मुलीचे शिक्षण मधेच थांबवून लग्न ठरवणाऱ्या वडिलांना घरी जाऊन भेटत. विज्ञान आणि वरचे गणित मुलींना कशाला, या प्रश्नाशी त्यांना प्रत्येक जूनमध्ये नव्याने झगडावे लागे. त्यांच्या कामाची मोजदाद निकालाच्या टक्क्यात होत नाही.

आणि रात्रशाळा. दिवसभर गिरणीत, मागावर, दुकानात राबलेला तरुण रात्री दिव्याखाली बसून भूमिती शिकत असे. शिकवणारे बहुधा दिवसाच्या शाळेतलेच शिक्षक, दुसऱ्यांदा उभे राहिलेले. कोर्टात पट्टेवाल्याचे काम करत रात्री शिकलेले सुशीलकुमार शिंदे पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झाले. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याच बाकांवरून उठून गिरणीत जॉबर, तलाठी, प्राथमिक शिक्षक झालेले शेकडो जण आहेत, आणि रात्रशाळेचे यश मी त्यांच्यावरूनही मोजतो. साठच्या सुमारास वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली, ई.बी.सी. म्हणून ती ओळखली गेली, तेव्हा विणकरांच्या मुलांची गळती थोडी थांबली. त्याआधी फी भरायची शेवटची तारीख जवळ आली की कॅटलॉगमधली नावे कमी होऊ नयेत म्हणून वर्गशिक्षक पदरचे पैसे भरत.

ते पैसे कोणत्या पगारातून भरत, हेही सांगायला हवे. खाजगी शाळांतला पगार तुटपुंजा आणि सरकारी अनुदान आले की मिळणारा. बी.टी. करायला मुंबईला, पुण्याला किंवा कोल्हापूरला वर्षभर जाऊन राहायचे तर कर्ज. नवीन शिक्षक एस.टी.सी. या शिक्षक-प्रमाणपत्रावर नोकरीला लागत आणि पुढे जमेल तसे शिकत. टाचणवही रोज लिहायची, तपासणीला साहेब यायचे म्हटले की महिनाभर आधी कपाटे आवरायची. मार्चपासून सकाळची शाळा, कारण दुपारच्या सोलापुरी उन्हात पत्र्याखाली बसणे अशक्य. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की वर्ग रिकामे. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला मुलांना कोण अडवणार? शहाणे शिक्षक त्या दिवसांत चाचणी ठेवत नसत.

1965 नंतर चित्र झपाट्याने पालटले. 1 जानेवारी 1966 पासून महाराष्ट्राचे नवे माध्यमिक शिक्षण मंडळ कामाला लागले. 27 जानेवारी 1967 रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि हळूहळू राज्यभर एकच पुस्तक आले. 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, अकरावीची जुनी परीक्षा संपली, आणि शाळांना कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली. आता खरेखुरे विभाग आले. पदव्युत्तर पदवीचे शिक्षक, स्वतंत्र प्रयोगशाळा, दारावर पाट्या. पगार सुधारले, आणि ते सुधारायलाच हवे होते. या बदलाने काही गमावले का, असा प्रश्न निवृत्त शिक्षक एकमेकांना विचारतात. माझ्या मते एकच मोठी गोष्ट गेली : कोणते पुस्तक लावायचे हे ठरवण्याचा शिक्षकाचा अधिकार. ज्या माणसाने स्वतः पुस्तक निवडले, त्याने ते जीव ओतून शिकवले. तो अधिकार पुढे त्याच्याकडे राहिला नाही.

या इतिहासाची साधने शाळांच्या दप्तरात फारशी उरलेली नाहीत. ती घरांत आहेत. जुनी हस्तलिखिते, वार्षिक अंक, सहामाहीच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका, शिक्षकांच्या टाचणवह्या, तपासलेल्या निबंधांच्या वह्या, संमेलनाची छायाचित्रे, मुख्याध्यापकांनी सही केलेली प्रगतिपुस्तके. यांतले काहीही ज्यांच्याकडे असेल त्या माजी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांच्या कुटुंबीयांना माझी विनंती आहे की, त्यांनी ते आपापल्या शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. मूळ कागद जवळ ठेवायचे असतील तर तिथे प्रत काढून घेऊ द्यावी. आणि वर्ष, तुकडी व शिकवणाऱ्या शिक्षकांचे नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने जरूर लिहावे.